दगडावर चढणारी बोलेरो : स्केल रॉक क्रॉलरची बांधणी आणि सजावट

उन्हाळ्यात बिंदुसरेचे पात्र कोरडे पडले की बीडच्या आसपास गुडघ्याएवढाले बेसॉल्टचे गोटे उघडे पडतात. आपण ते सहज ओलांडून जातो, पण एकास दहा या प्रमाणातल्या गाडीला तोच गोटा दीड-दोन मजली घराएवढा असतो. अशा गोट्यावर रिमोटवरची गाडी एकेक चाक टेकवत, न घसरता, न उलटता चढवणे म्हणजे रॉक क्रॉलिंग. आणि ही गाडी दिसायलाही खऱ्या गाडीसारखी असेल, तर तिला स्केल क्रॉलर म्हणतात. गेल्या सहा वर्षांत मी अशा दोन गाड्या बांधल्या. दुसरी गाडी आपल्या रस्त्यांवर रोज दिसणाऱ्या महिंद्रा बोलेरोच्या रूपात आहे आणि पुढील मार्गदर्शन मुख्यतः तिच्याच आधारे लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकीचे सारे तिच्याभोवती फिरते. क्रॉलर किती चढेल हे मोटरच्या ताकदीपेक्षा गाडीचे वजन नेमके कुठे आहे यावर ठरते. म्हणून या बांधणीत सर्वांत आधी विकत घ्यावे असे साधन म्हणजे स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा होय.

चेसिस आणि मापाचे गणित

नवशिक्याने सुरुवात कुठून करावी, हे खिशावर अवलंबून आहे. डब्ल्यूपीएलची सी-२४ ही एकास सोळा प्रमाणाची किंवा एमएनची डी-९० ही एकास बारा प्रमाणाची गाडी स्वस्त पडते आणि हात बसवण्यासाठी पुरेशी आहे. गंभीरपणे काम करायचे असेल, तर एकास दहा प्रमाणाची चेसिस घ्यावी. या वर्गात ॲक्सियलची एससीएक्स-१० ही मालिका आणि ट्रॅक्ससने २०१७ मध्ये आणलेली टीआरएक्स-४ या सर्वाधिक परिचित आहेत. टीआरएक्स-४ मध्ये पोर्टल ॲक्सल असतात, म्हणजे चाकाजवळ आणखी एक गिअरजोडी बसवून ॲक्सलची नळी चाकाच्या केंद्रापेक्षा वर उचललेली असते, त्यामुळे ती दगडाला कमी अडते. तयार गाडीपेक्षा सुट्या भागांचे किट घ्यावे, असे माझे मत आहे. जो भाग आपण स्वतः बसवला आहे, तो ओढ्यात बिघडला तर तिथल्या तिथे खोलता येतो.

चेसिस घेण्यापूर्वी कोणती बॉडी बसवायची ते ठरवावे. बोलेरोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २६८० मिलिमीटर आहे, तर एससीएक्स-१० च्या दुसऱ्या आवृत्तीचे सुमारे ३१३ मिलिमीटर. भागाकार केला तर प्रमाण ८.५६ येते. म्हणजे ही बोलेरो एकास दहा नव्हे, साधारण एकास साडेआठ प्रमाणाची होणार. त्या हिशेबाने १७४५ मिलिमीटरची रुंदी २०४ वर येते, ३९९५ ची लांबी ४६७ वर आणि १८८० ची उंची २२० वर. २०४ मिलिमीटरची रुंदी क्रॉलरच्या ॲक्सलवर व्यवस्थित बसते, त्यामुळे ही जोडी जमते. जमत नाही ते चाक. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर, म्हणजे आपल्या प्रमाणात ८२ मिलिमीटर भरतो, पण दगडावर चालायचे तर किमान १०५ ते ११५ मिलिमीटरचे टायर लागतात. तेव्हा चाकाच्या कमानी कापून मोठ्या कराव्या लागणार, हे आराखडा काढतानाच धरून चालावे. तीन दारांच्या थारला, जिचे हे अंतर २४५० मिलिमीटर आहे, हीच चेसिस वापरली तर प्रमाण एकास आठच्याही खाली जाते आणि बॉडी अवजड होते.

जुळणी

किटसोबतच्या पुस्तिकेत पायऱ्या दिलेल्या असतात. त्या पुन्हा लिहीत नाही. ज्या जागी चुका होतात तेवढ्याच सांगतो. धातूमध्ये जाणाऱ्या प्रत्येक धातूच्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू हादऱ्याने सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, एक थेंब लावावा, पण प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला तो मुळीच लावू नये. त्याने काही प्रकारचे प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकते. नव्या प्लास्टिकमध्ये स्क्रू जड जात असेल, तर त्याचे आटे कपड्याच्या साबणाच्या वडीवर एकदा घासून घ्यावेत. एकदा काढलेला स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवावा, जुन्या आट्यात ‘टक्’ असा बसल्याचे बोटाला जाणवले की मगच सुलटा पिळावा, म्हणजे आटे मरत नाहीत.

पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा लहान गिअर) आणि स्पर गिअर (त्याला भिडणारा मोठा गिअर) यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दोन्ही घट्ट भिडवावेत, मोटरचे स्क्रू आवळावेत आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. कागदावर दातांच्या घड्या स्वच्छ उमटल्या पण कागद फाटला नाही, तर अंतर बरोबर आहे. ॲक्सलमधील डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअररचना, बहुतेक क्रॉलरमध्ये कायमची जाम केलेली असते, जेणेकरून एक चाक हवेत लटकले तरी दुसरे फिरत राहावे. त्यामुळे गाडी वळायला मोठी जागा घेते. तो दोष समजू नये.

शॉकमध्ये ३० क्रमांकाचे सिलिकॉन तेल भरावे, दांडा सावकाश वरखाली करून बुडबुडे बाहेर येऊ द्यावेत, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मगच टोपण लावावे. स्प्रिंग मऊ असाव्यात. गाडी जमिनीवर ठेवली की स्वतःच्या वजनाने शॉकच्या एकूण हालचालीपैकी तिसरा हिस्सा ते निम्मी खाली बसायला हवी. असे असेल तर खड्ड्यावर चाक आणखी खाली लोंबू शकते आणि जमीन सोडत नाही.

वजन कुठे ठेवावे

बॅटरी आणि बॉडीसह गाडी पूर्ण जुळवल्यावर पुढची दोन चाके वजनकाट्यावर आणि मागची दोन चाके काट्याएवढ्याच उंचीच्या पुस्तकावर ठेवून वजन घ्यावे, मग उलट करावे. माझ्या गाडीचे पहिले वजन पुढे १४२० ग्रॅम आणि मागे १३८० ग्रॅम असे आले, म्हणजे जवळपास समसमान. सपाट जमिनीवर हे चांगले वाटते, पण चढावर वजन आपोआप मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि गाडी मागे कलंडते. म्हणून पुढे साठ आणि मागे चाळीस टक्के याच्या आसपास वाटणी असावी.

त्यासाठी प्रथम बॅटरी हलवावी, कारण त्याने एक ग्रॅमही वाढत नाही. माझी २८० ग्रॅमची बॅटरी मी चेसिसच्या मागच्या भागातून काढून मोटरच्या पुढे आणली. ती चाकांमधील अंतराच्या साधारण निम्मी पुढे सरकली आणि त्या सरकण्याने १४० ग्रॅम भार मागून पुढे गेला. त्यानंतर पुढच्या दोन्ही रिमच्या आत १००-१०० ग्रॅम वजन चिकटवले. काटा पुढे १७६० आणि मागे १२४० दाखवू लागला. ३००० पैकी १७६० म्हणजे ५८.७ टक्के. ज्या दगडावरून गाडी चार वेळा पाठीवर पडली होती, त्याच दगडावर ती त्या संध्याकाळी पहिल्या प्रयत्नात चढली. मोटर तीच होती आणि टायरही तेच होते.

वजनासाठी परदेशी पितळी सुटे भाग मिळतात आणि ते सुंदर असतात, पण सुरुवातीला त्यांची गरज नाही. चारचाकीचे व्हील बॅलन्सिंग करणाऱ्या दुकानात चिकट पाठीच्या ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांच्या पट्ट्या मिळतात. त्या रिमच्या आतल्या कडेला, रिम आधी पेट्रोलच्या बोळ्याने पुसून, चिकटवाव्यात आणि वरून इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्यावा. पट्टी शिशाची असेल तर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना तिला हात लावू देऊ नये. पुढे हौस वाढली, तर लेथवाल्याकडून पितळी कडी कातून घेता येतात. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांना हे काम करून घेणे फारसे अवघड जात नाही. वजन चाकात ठेवण्याचे कारण असे की ते स्प्रिंगच्या खाली, जमिनीच्या जवळ राहते. तेच २०० ग्रॅम चेसिसवर ठेवले तर शॉक दबतात आणि गाडी डोलू लागते.

आडव्या उताराची परीक्षा घरीच घेता येते. एका फळीवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर गाडी आडवी उभी करावी, फळीची एक कड हळूहळू उचलावी आणि वरची चाके सुटली की फोनमधील कोनमापकाने कोन वाचावा. माझी गाडी बॉडीशिवाय ४८ अंशांपर्यंत टिकली. पहिली बॉडी, जी ६०० ग्रॅमची झाली होती, ती बसवल्यावर हाच आकडा ४१ वर आला. सात अंशांचा हा फरक पाहून मी ती बॉडी बाजूला ठेवली आणि दुसरी करायला घेतली.

टायर आणि फोम

आपला दगड दख्खनच्या पठाराचा काळा बेसॉल्ट आहे. कोरडा आणि खडबडीत असताना तो रबराला विलक्षण धरतो, मात्र नदीने घासून गुळगुळीत केलेल्या गोट्यावर हीच पकड निम्म्यावर येते, आणि जिथे दगड कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटून त्याचा मुरूम होतो तिथे चाकाखालची जमीनच सरकते. तिन्हींसाठी मऊ रबराचे टायरच घ्यावेत. कडक टायर स्वस्त असतात आणि जास्त दिवस टिकतात, पण दगडावर ते निरुपयोगी आहेत.

टायरच्या आतील फोमकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. फोम इतका मऊ हवा की गाडीच्या वजनाने टायर दगडाच्या कडेभोवती दबून तिला कवेत घेईल, पण आडव्या उतारावर रिम टायरवर कलंडणार नाही. बाहेर मऊ आणि आत कडक असा दुपदरी फोम यासाठी उत्तम असतो. साधाच फोम असेल, तर त्याच्या बाहेरील कडेवर समान अंतरावर ‘व्ही’ आकाराचे काप कात्रीने काढावेत. पुढच्या चाकांत काप खोल आणि मागच्या चाकांत उथळ ठेवावेत. प्रत्येक टायरच्या मध्यरेषेवर तापवलेल्या सुईने दोन छिद्रे पाडावीत. त्यांतून हवा ये-जा करते आणि पाण्यात गेल्यावर फोमने शोषलेले पाणी चाक फिरताच बाहेर फेकले जाते.

मोटर, ईएससी आणि सर्व्हो

मोटर ५४० आकाराची, ब्रश असलेली, तारेच्या ३५ ते ५५ वेढ्यांची घ्यावी. वेढे जितके जास्त तितकी ती सावकाश फिरते आणि तितकी संयमाने ओढते. मोटर मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल आणि एकूण गिअर गुणोत्तर ४०:१ असेल, तर ११० मिलिमीटरचे चाक मिनिटाला २५० वेळा फिरते आणि गाडी ताशी पाच किलोमीटरच्या थोडी वर, म्हणजे माणसाच्या चालीने जाते. पूर्ण जोरात एवढा वेग पुरे आहे. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारे यंत्र, क्रॉलरसाठीचेच असावे आणि त्यातील ड्रॅग ब्रेक शंभर टक्क्यांवर ठेवावा, जेणेकरून ट्रिगर सोडताच गाडी उतारावर जागच्या जागी थांबेल.

सर्व्होच्या, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या, बाबतीत मी स्वतः बराच काळ चुकलो. दोन दगडांच्या फटीत चाक अडकले आणि मी स्टिअरिंग पूर्ण वळवले की गाडी क्षणभर मेल्यासारखी होई, दिवे विझत आणि मग ती पुन्हा जिवंत होई. मी रिमोटला दोष दिला, रिसीव्हर (रिमोटचा संकेत गाडीत घेणारा भाग) बदलला, तारा बदलल्या, आणि जवळपास दोन महिने यात गेले. शेवटी एका संध्याकाळी मल्टिमीटरची टोके रिसीव्हरच्या रिकाम्या जागेत खोचून चाक हाताने अडवले, तेव्हा ६ व्होल्टचा आकडा एकदम ३ च्या खाली गेलेला दिसला. २५ किलो ताकदीचा सर्व्हो अडला की ईएससीमधून मिळणारा वीजपुरवठा त्याला पुरत नव्हता आणि त्यात रिसीव्हर बंद पडत होता. उपाय सोपा आहे : सर्व्होला स्वतंत्र बीईसी, म्हणजे बॅटरीचा दाब सर्व्होला झेपेल इतका खाली आणणारे छोटे यंत्र, लावून त्या बीईसीची वीज थेट बॅटरीवरून घ्यावी आणि रिसीव्हरकडून सर्व्होकडे फक्त संकेताची आणि ऋण टोकाची तार न्यावी. शिवाय रिमोटवरील वळणाच्या मर्यादा अशा बसवाव्यात की चाके शेवटच्या टोकाला पोहोचल्यावर सर्व्हो गुणगुणत ताण देत राहणार नाही.

लायपो बॅटरी आणि आपला उन्हाळा

दोन सेलची ७.४ व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पुरेशी आहे. प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्टचा होतो, आणि तो ३.३ च्या खाली उतरू देऊ नये. ईएससीमध्ये लायपो कटऑफ, म्हणजे सेल फार उतरण्याआधी मोटर थांबवणारी सोय, चालू असल्याची खात्री करावी. आठवडाभर गाडी काढायची नसेल, तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. चार्जिंग नेहमी बॅलन्स पद्धतीने (सगळे सेल सारखे भरतील असे), डोळ्यांसमोर आणि फरशीवर वाळू भरलेल्या घमेल्यात ठेवून करावे, झोपताना लावून ठेवू नये.

मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि उन्हात उभ्या दुचाकीची डिकी त्याहून कितीतरी तापते. मी एकदा पूर्ण भरलेली बॅटरी डिकीत ठेवून दुपारी एका लग्नाला गेलो. परत आलो तेव्हा ती पुरणपोळीसारखी फुगलेली होती. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि पुन्हा चार्ज करू नये. मोकळ्या जागेत ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

बोलेरोची बॉडी

खरी गाडी गल्लीतच उभी असते, हा या निवडीचा मोठा लाभ आहे. मालकाची परवानगी घेऊन टेपने मापे घ्यावीत आणि चारही बाजूंनी, कंबरेच्या उंचीवरून, शक्य तितक्या लांबून फोटो काढावेत. जवळून काढलेल्या फोटोत बॉनेट फुगलेले दिसते. प्रत्येक माप ८.५६ ने भागून वहीत लिहावे. बॉडीचा पहिला नमुना जाड लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापावा आणि टेपने जोडून चेसिसवर ठेवून पाहावा. चाके पूर्ण वळवून, एकेक चाक खालून हाताने वर उचलून ती कुठे घासतात हे पेन्सिलीने पुठ्ठ्यावरच आखावे. कमानींचा खरा आकार यातूनच ठरतो.

प्रत्यक्ष बॉडीसाठी फ्लेक्स छापणाऱ्यांकडे मिळणारा ३ मिलिमीटरचा पीव्हीसी सनबोर्ड वापरावा. त्यांच्याकडे उरलेले तुकडे बहुधा मिळतात. दोन कागदांमध्ये थर्माकोल असलेला फोमबोर्ड घेऊ नये, कारण स्प्रे पेंट लागताच आतला थर्माकोल विरघळतो. कोपऱ्यांच्या आतून खायच्या सोड्याची चिमूट टाकून त्यावर फेव्हिक्विकचा थेंब सोडला की क्षणात दगडासारखा सांधा तयार होतो. त्यातून धूर निघतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि तोंड लांब ठेवावे. खालचा भाग ३ मिलिमीटरचा चालेल, पण काचांच्या वरचा सगळा भाग आणि टप दीड मिलिमीटरच्या प्लास्टिक पत्र्याचा करावा, कारण वरचा प्रत्येक ग्रॅम खालच्या ग्रॅमपेक्षा महाग पडतो. काचांसाठी पारदर्शक ओएचपी शीट पुरते. आतले डॅशबोर्ड आणि सीट थर्माकोल कोरून करावेत. अशा रीतीने माझी दुसरी बॉडी ३८० ग्रॅमची झाली आणि फळीवरचा कोन ४१ वरून ४४ अंशांवर आला.

पुढच्या दिव्यांसाठी पांढरे एलईडी ६ व्होल्टवर लावायचे असतील, तर प्रत्येकाला १५० ओहमचा रोध जोडावा. रंग सकाळी लवकर मारावा. दुपारच्या कोरड्या उष्ण हवेत फवारा पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच सुकतो आणि रंग खरखरीत बसतो.

सजावटीत मला सर्वांत समाधान दिले ते टपावरच्या कॅरियरने. सायकलच्या ब्रेकच्या तारेचे तुकडे डाख देऊन जोडून तो केला आणि त्यावर गोणपाटाच्या तुकड्यांतून शिवलेले कापसाचे दोन बोंद सुतळीने आवळले. आत खराच कापूस भरला आहे. दोन्हींचे मिळून वजन १८ ग्रॅम भरते, आणि लोखंडी जॅक किंवा भरलेला कॅन यांच्या तुलनेत ते काहीच नाही. धूळही खरीच वापरली. शेतातील काळी माती आणि टेकडीचा तांबूस मुरूम वाळवून, कुटून, मलमलीच्या फडक्यातून चाळला, मॅट वार्निश ओले असताना चाकांच्या कमानींवर, पायऱ्यांवर आणि मागच्या दारावर मऊ कुंचल्याने झटकला. काळी माती खाली आणि मुरूम वर, असा क्रम ठेवला तर गाडी शेतातून निघून घाट चढून आल्यासारखी दिसते.

गाडी बाहेर नेताना

बालाघाटच्या पायथ्याचे ओढे, बंद पडलेल्या खडीच्या खाणींच्या कडा, विहिरीतून निघालेल्या दगडांचे ढीग या सगळ्या जागा उत्तम आहेत. मालक असेल तर त्याला विचारावे. देवगिरी, नळदुर्ग किंवा कोणत्याही लेण्यांच्या दगडांवर गाडी चालवू नये. ती संरक्षित स्मारके आहेत आणि पितळी वजन लावलेले चाक कोरीव कडेचा टवका सहज काढते. नायगावसारख्या अभयारण्यातही नेऊ नये. गाडी कपारीत अडकली, तर हात घालण्यापूर्वी काठीने ती जागा हलवून पाहावी, कारण आपल्याकडे अशा कपारींत विंचू आणि फुरसे असतात. मी तीन फुटांची बांबूची काठी, तिच्या टोकाला तारेचा आकडा लावून, कायम सोबत ठेवतो.

पाण्यातून गाडी नेणार असाल, तर रिसीव्हर फुग्यात घालून तोंड रबरबँडने बांधावे. घरी आल्यावर बॅटरी लगेच काढावी, ब्रशने मुरूम झाडावा, चाके काढून फोम पिळावा आणि बेअरिंगांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा. दुसऱ्या दिवशी फोम वाळल्यावर चाके परत बसवावीत आणि चारही नट आवळताना चिकटवलेली वजने सुटली नाहीत ना, हे प्रत्येक रिमच्या आत बोट फिरवून पाहावे.